गणपतीच्या दिवसांत ती बरी असायची

माझी धाकटी बहीण त्या दुखण्याने गेली नाही, हे आधी सांगून टाकते. ती डेंग्यूने गेली, बेचाळिसाव्या वर्षी, चार दिवसांत. ती आजारी आहे हे निम्म्या नातेवाइकांना कळलं तेव्हा ती गेलेली होती. त्या मरणाबद्दल मला लिहायचं नाही. त्यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही, आणि जिथे चूक नाही तिथे मी फार वेळ थांबू शकत नाही, हा माझा जुना स्वभाव आहे.

लिहायचं आहे ते त्याआधीच्या पंचवीस वर्षांबद्दल. तेराव्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं आणि अडतिसाव्या वर्षी कुणीतरी त्या दुखण्याला नाव दिलं. मग साडेतीन वर्षं ती बऱ्यापैकी बरी होती. हा हिशेब मी रोज मांडते. पंचवीस आणि साडेतीन. तो उलटा होऊ शकला नसता, पण पंचवीसचे तेरा नक्की झाले असते. मधली बारा वर्षं माझ्या एका वाक्यामुळे गेली.

आमचं माहेर डोंबिवलीचं, मूळ कोकणातलं. वडिलांनी गावचा गणपती वाटून घेतला आणि तो डोंबिवलीला आणला, तेव्हा मी शाळेत होते आणि बहीण जेमतेम चालत होती. गौरीसकट, सोवळ्याओवळ्यासकट सगळं आलं. दोन खोल्यांच्या त्या घरात ‘अडचण’ आलेल्या बाईने बाजूला बसायचं म्हणजे कुठे बसायचं, हा प्रश्न आईला दर वर्षी पडायचा. आईच्या तोंडी पाळीला दुसरा शब्द नव्हता, अडचणच. बहीण पंधरा-सोळा वर्षांची झाली त्या वर्षी तिची तारीख नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी येत होती. आईने मला फोन केला. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन ठाण्याला, कोपरीत राहायला आले होते.

“तुझ्याकडच्या केमिस्टकडून त्या गोळ्या आण. इथला आपल्याला ओळखतो,” आई म्हणाली.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत त्या घेत. डॉक्टरला विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. लग्न, मुंज, सत्यनारायण, गणपती, काही असलं की कुणीतरी केमिस्टकडे जायचं. मी कोपरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने न विचारता वर्तमानपत्राच्या तुकड्यात पाकीट गुंडाळून दिलं आणि मी ते पर्समध्ये घालून डोंबिवलीला पोचवलं. आई धोका पत्करणारी नव्हती. हरतालिकेच्या आठ दिवस आधीपासून तिने बहिणीला गोळ्या सुरू करायला लावल्या, त्या गौरी-गणपती जाईपर्यंत. तेव्हापासून हे काम माझ्याकडेच आलं. श्रावण अर्धा झाला की आईचा फोन यायचा, मी केमिस्टकडे जायची. पुढेपुढे तो दुकानदार मला बघूनच ड्रॉवर उघडायचा.

पाळीत पोट दुखतं हे आमच्या घरात मान्य होतं. आईचं दुखायचं, माझं दुखायचं. ओवा खायचा, गरम पाण्याची पिशवी घ्यायची, दोन दिवस कुरकुरायचं. बहिणीचं जरा जास्तच दुखायचं, ती ओकायची, घामाघूम व्हायची, तिचे ओठ पांढरे पडायचे. त्यावर “लग्न झालं की थांबेल” हे उत्तर होतं. आमचं भांडण त्या चार दिवसांचं नव्हतंच. भांडण होतं बाकीच्या दिवसांचं.

कारण विशीनंतर तिचं दुखणं महिनाभर पसरलं. पाळीच्या आधी आठवडाभर, नंतर काही दिवस, मग मध्येच केव्हाही. ओटीपोटात, कमरेत, खाली मांडीपर्यंत. संडासला जाताना तिला भिंतीला धरावं लागायचं. बसवत नसे. तिने आर्किटेक्चरल ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा केला होता आणि ठाण्यात एका ऑफिसात दिवा-टिटवाळ्याकडच्या नव्या इमारतींचे नकाशे काढायची. तिथे ती उभ्याने काम करायची. ऑफिसातले तिला ‘सिग्नल’ म्हणत, कायम उभी म्हणून. ती स्वतःच हे घरी येऊन हसत सांगायची.

आणि दर वर्षी गणपतीत ती ठणठणीत असायची.

हे मी वाढवून सांगत नाही. गोळ्या सुरू झाल्या की तीन-चार दिवसांत तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा. ती जमिनीवर मांडी घालून तास-तास सारण भरायची. आरास तिची. थर्माकोल होता तोपर्यंत थर्माकोलची, मग पुठ्ठ्याची. आदल्या रात्रीपर्यंत ती टेबलावर वाकलेली असायची. गौरींना साडी नेसवताना खुर्चीवर चढायची, उतरायची. पाहुण्यांची ताटं उचलायची. आणि विसर्जन करून माणसं परत आली, गोळ्या थांबल्या, की दोन-तीन दिवसांत ती पडायची ती अशी पडायची की उठून पाणी घेववत नसे.

आमची आत्या त्या दिवसांत आलेली असायची. तिची जीभ तिखट होती. एकदा सगळी जेवायला बसलेली असताना ती म्हणाली, “हिचं पोट कॅलेंडर बघून दुखतं गं. सजायचं-नटायचं असलं की बरं, भांडी घासायची वेळ आली की दुखलं.” सगळे हसले. बहीणही हसली. मीही हसले. आतल्या खोलीतून येणारा तिचा कण्हण्याचा आवाज नंतरच्या आठवड्यात आम्ही त्याच हसण्यातून ऐकला.

आईचा अर्थ वेगळा होता. आईला वाटे, बाप्पा येतो तेव्हा तिला सांभाळतो. आमच्या घरात एवढे दोनच अर्थ होते, एक आत्याचा आणि एक आईचा. मी शिकलेली. मराठीत एम. ए. केलेली, ठाण्याच्या एका वाचनालयात कामाला. मी आत्याचा अर्थ घेतला, फक्त त्याला चांगले शब्द दिले. मनावरचा ताण, लक्ष वेधून घेणं, कामात गुंतलं की विसर पडणं, असलं काहीबाही मी वाचलेलं होतं.

बहीण सव्वीस वर्षांची असताना ती स्वतःहून कल्याणच्या एका बाईंकडे गेली. वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिला अर्धा तास विचारलं, तपासलं आणि म्हणाल्या, एकदा पोटात दुर्बीण घालून बघून घेऊ, मला थोडी शंका आहे. बहीण तिथून थेट डोंबिवलीला आली. त्या रविवारी मी माहेरी होते, म्हणून मला तिचा तो चेहरा आठवतो. तिला आनंद झाला होता. पोट फाडणार म्हणून कुणी एवढं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं.

“आत बघणार आहेत, ताई,” ती म्हणाली. “म्हणजे काय ते एकदाचं दिसेल तरी.”

वडील तेव्हा नव्हते, जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आई वालाचं बिरडं सोलत बसली होती. तिने बहिणीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. स्थळं बघणं चालू होतं. लग्नाआधी मुलीच्या पोटावर ऑपरेशनच्या खुणा, त्याही तिथल्या, ही आईची भीती होती आणि ती तिने सांगितलीही. पण ती भीती पुरेशी नाही हे तिलाही कळत होतं, म्हणून तिने मला विचारलं, “तुला काय वाटतं?”

मी थोडा विचार केला. खरंच केला, घाईने बोलले नाही. हे मला जास्त टोचतं.

मी म्हटलं, “गणपतीत पंधरा दिवस ही हिंडते-फिरते, जमिनीवर बसते, खुर्चीवर चढते. आत खरंच काही बिघडलेलं असतं तर त्याला गणपती आलेला कळला असता का?”

आईने सोललेले वाल ताटलीत टाकले. बहीण दाराशी उभी होती, तिचं नेहमीचं उभं राहणं. मला वाटलं ती भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मलापण कधीकधी तसंच वाटतं, ताई.” मग ती आली, आईच्या पुढ्यातली ताटली उचलली आणि वाल धुवायला आत गेली.

त्या बाईंकडे ती परत गेली नाही.

माझ्या बोलण्यात तर्क होता, म्हणून ते टिकलं. पुरावाही माझाच होता आणि निकालही माझाच. त्या पुराव्याची पुडी दर श्रावणात मीच पर्समधून घेऊन जात होते, हे मात्र मला बारा वर्षं दिसलं नाही.

त्या दिवसानंतर ‘दुखतंय’ हा शब्द तिने माझ्यासमोर वापरला नाही. ती म्हणायची, “जरा पडते गं.” वाचनालय दुपारी बंद असतं, साडेबारा ते चार मी घरी असे. तिचं ऑफिस स्टेशनच्या पलीकडे, दहा-पंधरा मिनिटांवर. महिन्यातून सात-आठ वेळा ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे कोपरीत यायची. डबा उघडायची, दोन घास खायची आणि म्हणायची, जरा पडते. मग लादीवर पालथी झोपायची, पोटाखाली उशी घेऊन, गाल थंड फरशीला लावून. वीस मिनिटं. मी खिडकीशी पुस्तक वाचत बसलेली असे. तिला एकटं पडावंसं वाटत असेल म्हणून मी काही विचारत नसे, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला पुस्तक सोडायचं नसायचं. वीस मिनिटांनी ती उठायची, चेहऱ्यावर पाणी मारायची, गालावर फरशीच्या कडेची रेघ उमटलेली असायची ती चोळायची आणि जायची. मला वाटायचं, हिला बहिणीची ओढ आहे. ओढ असेलही. पण माझी फरशी तिच्या ऑफिसच्या जवळ होती.

तिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती कल्याणला गेली. गणपतीला मात्र ती माहेरी यायची आणि माझी पुडी चालूच राहिली. नवरा साधा, कमी बोलणारा, तिला जपणारा. लग्न झालं आणि दुखणं थांबलं नाही. “मूल झालं की थांबेल,” आई म्हणाली. मूल झालं नाही. तीन वर्षं, पाच वर्षं. मग धावाधाव सुरू झाली. सासरचे, माहेरचे, मी, सगळ्यांनी डॉक्टर सुचवले, तपासण्या झाल्या. हे माझ्या लक्षात नंतर आलं. ती दुखतंय म्हणत होती तेव्हा कुणी उठलं नाही. मूल होत नाही म्हटल्यावर दोन्ही घरं उठून उभी राहिली.

त्या धावपळीत एका सोनोग्राफीत तिच्या बीजांडकोशाजवळ गाठ दिसली. कल्याणच्याच एका डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन केलं. टाके काढल्यावर सगळं समजावून सांगायला त्यांनी बोलावलं, त्या दिवशी तिच्या नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून मी गेले.

डॉक्टर चाळिशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी कागदावर गर्भाशय काढलं, दोन बाजूंना बीजांडकोश, मागे आतडं. म्हणाल्या, “गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच अस्तर तुमच्या पोटात बाहेर, इथे, इथे आणि इथे मागे आतड्याच्या जवळ आहे. दर महिन्याला तिथेही सूज येते, थोडा रक्तस्राव होतो, पण त्याला बाहेर यायला वाट नाही. मग अवयव एकमेकांना चिकटत जातात. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जमेल तेवढं मी काढलंय.”

बहीण कागदाकडे बघत होती. तिने डॉक्टरांचं पेन मागून घेतलं आणि गर्भाशयामागचं आतडं थोडं जवळ सरकवून पुन्हा काढलं. “चिकटलंय ना? मग इथे गॅप कशी राहील,” ती म्हणाली. डॉक्टर हसल्या. तो कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढे तिने त्याचा रीतसर नकाशा केला, बटर पेपरवर, इमारतींच्या नकाशांवर काढायची तसल्या अक्षरात नावं घालून. तो माझ्याकडे आहे.

मग तिने विचारलं, “मी काय केलं म्हणून हे वाढलं?”

तिच्याकडे यादी तयार होती. आईने, आत्याने, सासूने वर्षानुवर्षं दिलेली. आंबट खाल्लं, दही खाल्लं, पाळीत डोक्यावरून आंघोळ केली, उभ्याने काम केलं, जिने चढली, लग्न उशिरा केलं. डॉक्टरांनी यादी शेवटपर्यंत ऐकली. यातलं काहीही कारण नाही, त्या म्हणाल्या. हे का होतं ते अजून नीट कळलेलं नाही. कुणाचं वाढतं, कुणाचं वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, ते आधी सांगता येत नाही. झोप झाली नाही, पोट साफ नसलं, मनावर फार ताण असला तर दुखणं जास्त जाणवतं, पण ते जाणवणं झालं, त्याने रोग होत नाही. “एक मात्र आहे,” त्या म्हणाल्या. “दुखणं खूप वर्षं तसंच ठेवलं की शरीर दुखायला सरावतं. नसा तेवढंच शिकतात. मग लहानशा गोष्टीनेही दुखतं. त्यासाठी लवकर यायचं असतं.”

आणि मग त्यांनी सहज विचारलं, मधल्या काळात कधी बरं वाटायचं का.

“गणपतीत,” बहीण म्हणाली आणि हसली, जणू आपलीच थट्टा सांगतेय. “दर वर्षी. पंधरा दिवस एकदम ओके.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पाळी ढकलायच्या गोळ्या घ्यायचात?”

ती हो म्हणाली. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. ते नाव बहिणीला आठवेना. ते मी सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, “त्या गोळ्या नुसती पाळी ढकलत नाहीत. त्यातलं औषध या बाहेरच्या अस्तरालाही शांत ठेवतं. सगळ्यांना सारखाच आराम पडतो असं नाही, पण तुम्हाला पडत असणार. आम्ही याच आजाराला त्या जातीचं औषध देतो, तपासून आणि जास्त काळ. मनाने दुकानातून आणून घेणं बरोबर नव्हतंच, पण गोळ्या घेतल्या की तुम्हाला बरं वाटतं एवढं तुम्ही कुणाला सांगितलं असतं तरी…” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पुढची तारीख लिहायला घेतली.

मी खुर्चीत बसलेली होते. माझे हात पर्सवर होते, त्याच पर्सवर. मी बहिणीकडे बघितलं नाही. तिने मात्र माझ्याकडे बघितलं असणार, कारण ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “म्हणजे बाप्पाने नाही, ताईने बरं केलं होतं.”

ती कुजकं बोलली नव्हती. तिला कुजकं बोलता यायचं नाही. तिला खरंच त्यात गंमत वाटली होती, आणि तिला मला थोडं सावरून घ्यायचं होतं. तिला ते वालाचं बिरडं आठवत होतं की नाही, हे मी तिला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर ती आठवत नाही म्हणाली असती.

बाहेर पडल्यावर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. उभ्यानेच. ती म्हणाली, “ताई, गोळ्यांचं ते आईला नको सांगू हं.”

“का?”

“अगं, ती दर वर्षी गणपतीला माझ्या नावाने एकवीस दूर्वांची जुडी वाहते. मला पंधरा दिवस बरं ठेवलं म्हणून. ते कशाला काढून घ्यायचं तिचं?”

मी बरं म्हटलं. माफी मागायची ती वेळ होती. रसवाल्याने ग्लास विसळायला मागितले, रिक्षा आली, आणि वेळ गेली.

नंतरची साडेतीन वर्षं जादूची नव्हती. औषधाने मध्येच डाग पडायचे, काही महिने ती उगाच रडवेली व्हायची, गोळी बदलावी लागली. मुलाचा विचार तिने आणि नवऱ्याने सोडून दिला. त्या निर्णयाबद्दल ती फार बोलली नाही आणि तो सोपा होता असं मी समजत नाही. पण लादीवर पडणं थांबलं. एकदा आम्ही दोघी कल्याणला नाटकाला गेलो. पहिला अंक संपला, दिवे लागले, माणसं बटाटेवड्यांकडे धावली. ती जागची हलली नाही. मला वाटलं, दुखतंय. मी वाकून बघितलं तर तिचे डोळे भरलेले.

“बसलेय मी, ताई,” ती म्हणाली. “सव्वा तास. लक्षातच नाही आलं.”

नाटक विनोदी होतं. दुसऱ्या अंकात ती मोठमोठ्याने हसत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. नाटकातलं मला काही आठवत नाही.

ती गेल्यावर मी त्या दुखण्याबद्दल वाचायला लागले. वाचणं मला येतं. ती कण्हत होती तेव्हा मी वाचू शकले असते. वाचनालयात स्त्रियांच्या आरोग्यावरची पुस्तकं तिसऱ्या कपाटात आहेत, त्यांच्यावर क्रमांक मीच घातले आहेत. त्यातल्या एका जुन्या पुस्तकात दीड पान होतं. बीजांडकोश, आतडं, चिकटणं, पाळी नसतानाही दुखणं, बसताना दुखणं, सगळं त्या दीड पानात होतं. ते पुस्तक ती सव्वीस वर्षांची होती तेव्हाही तिथेच होतं. मी कपाटाशी उभ्याने ते वाचलं. मग दुपारी घरी आले आणि फरशीवर तिच्या जागी पालथी पडून बघितलं. थंड लागलं, एवढंच. माझं काही दुखत नव्हतं.

हा आजार कशाने बळावतो याची आपल्याकडे प्रत्येक बाईजवळ एक यादी असते. माझीही आता आहे, आणि ती कुठल्या पुस्तकातली नाही. आपण हसतो त्याने तो बळावतो. एखादी बरी दिसली तो दिवस पुरावा म्हणून जपून ठेवतो, आणि कण्हली ते दिवस विसरतो, त्याने. घरातल्या शिकलेल्या माणसाने तर्क लढवला की त्याने. शरीराच्या आत यातलं काय पोचतं ते डॉक्टर सांगतील. पण आमच्या घरात बारा वर्षं त्यामुळेच गेली.

यंदा गणपतीच्या आधी मी डोंबिवलीला गेले होते. आई आता ऐंशीला आली आहे. छापलेलं तिला वाचवत नाही, म्हणून तर मी हे लिहू शकते आहे. पण वाती ती अजून बोटांनी चाचपत वळते. दुपारची वेळ होती. आईच्या मांडीवर कापूस, समोर परडी. मी शेजारी बसून फुलवाती करत होते. माझ्या नेहमी जाड होतात, ती त्या उकलून पुन्हा करते.

वात वळता वळताच आई म्हणाली, “खरंच दुखायचं का गं तिला?”

मी हातातली फुलवात मांडीवर ठेवली.

“ऑपरेशन काय, मूल होईना म्हणून झालं. गणपतीत तर बरी असायची,” आई म्हणाली. “म्हणून विचारते.”

ते माझंच वाक्य होतं. ते इतकी वर्षं आईने सांभाळून ठेवलं होतं. गोळ्यांचं सांगावं असं एकदा तोंडाशी आलं. मग त्या एकवीस दूर्वा आठवल्या आणि रसाच्या गाडीपाशी दिलेला शब्द. ते मी गिळलं. पण उरलेलं गिळायचा मला हक्क नव्हता.

“दुखायचं, आई,” मी म्हटलं. “खूप दुखायचं. रोज.”

आईची बोटं थांबली. “मग त्या बाई दुर्बिणीने बघते म्हणाल्या होत्या, तेव्हा आपण ‘नको’ का म्हटलं?”

“आपण नाही,” मी म्हटलं. “मी म्हटलं.”

ती माझ्याकडे वळली. तिला माझा चेहरा कितपत दिसतो ते मला ठाऊक नाही. मी वाट बघत होते, की ती म्हणेल, जाऊ दे, तुला काय माहीत होतं. आया म्हणतात तसं. ती म्हणाली नाही. तिने माझ्या मांडीवरची फुलवात चाचपून उचलली, उकलली आणि कापूस पुन्हा पिंजायला घेतला.

“तू म्हटलंस म्हणून नको म्हणतेय, असं तिने मला कधी सांगितलं नाही,” कापूस पिंजता पिंजता ती म्हणाली. “मी विचारलं होतं तिला, ऑपरेशनचं काय ठरवलंस. मलाच नको वाटतंय म्हणाली.”

मग ती पुढची वात वळायला लागली. मीही कापूस घेतला. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायच्या आत परडी भरायची होती.